आंघोळ करून घे, असं मी म्हणाले

भाचीचा फोन आला तेव्हा मी आठवड्याची यादी करत होते. रविवारी सकाळी चहाबरोबर मी ती करते. गॅसचा नंबर लावायचा, पाण्याचा फिल्टर बदलायचा, दाताच्या डॉक्टरला फोन करायचा, असलं सगळं. तारापूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी स्टोअर सांभाळते. कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे ते मला न बघता सांगता येतं, आणि घरीही माझं तसंच चालतं. नातेवाईक हसतात. पण अडलं की फोन मलाच येतो.

भाची तेव्हा तेवीस वर्षांची होती. माझ्या भावाची एकुलती मुलगी. घर तारापूरजवळच्या किनाऱ्यावर, नवापूरला. भाऊ बोटीवर असतो, वहिनी मासळी वाळवते आणि विकते. भाची तारापूरच्याच दुसऱ्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागली होती. आमच्या घरातली मासळीला हात न लावता पगार आणणारी माझ्यानंतरची ती दुसरी.

“आत्या, तू आज येशील?”

“काय झालं?”

तिने दोन वाक्यांत सांगितलं. आदल्या संध्याकाळी. कामावरचा माणूस, तिच्या वरच्या जागेवरचा. ती दोन वाक्यं मी इथे लिहिणार नाही, ती तिची आहेत. हे लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा तिने एवढीच अट घातली. बाकीचं वाचून तिने दोन ठिकाणी खोडलं आणि एका ठिकाणी कडेला ‘इथे तू जास्त बोलली होतीस’ असं लिहून कागद परत दिले. तिथे मी दुरुस्ती केली आहे.

“आईला सांगितलंस?”

“नाय. ती पहाटेच वाळवायला गेली. तिला नको सांगू, आत्या. तिला कळलं की नोकरी बंद.”

“दुखतंय?”

“हो.”

“रक्त?”

“थोडं.”

“बरं, ऐक. आंघोळ करून घे, डोक्यावरून. कालचे कपडे बादलीत भिजत टाक. धुतलेला ड्रेस घाल, आधार कार्ड पर्समध्ये ठेव. मी अर्ध्या तासात येते, आपण डॉक्टरकडे जाऊ.”

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आंघोळ करू?”

“मग? डॉक्टरकडे जायचंय ना?”

हे माझ्या तोंडून का गेलं ते किनाऱ्यावरच्या बाईला वेगळं सांगावं लागणार नाही. इतरांसाठी सांगते. आमच्याकडची बाई आंघोळ केल्याशिवाय दवाखान्यात जात नाही. मी सातवीत असताना अंगात ताप होता म्हणून आई मला तशीच बोईसरच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. शेजारी बसलेली बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली. कंपाउंडरने आमच्याकडे बघत खिडकी उघडली. त्या दिवसापासून आईने नियम केला. ताप असो, हात मोडलेला असो, आधी डोक्यावरून पाणी, हाताला लिंबू, मानेला पावडर, पेटीतली साडी, आणि मग डॉक्टर. घरोघरी हेच. वहिनीला भाचीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा तिने आधी बंबात पाणी घातलं होतं. भाचीच्या अंगाला मासळीचा वास यायचं काही कारण नव्हतं. पण नियम इतका जुना होता की मी विचारच केला नाही.

रिक्षात बसल्यावर मी वहीत लिहिलं: डॉक्टर. सोनोग्राफी लागल्यास कुठे. कामावर रजा. पोलीस. पोलीस या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या. भाचीला विचारलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा ती ओटीवर बसली होती. केसांतून पाणी ठिबकत होतं. मागच्या दारी निळी बादली भरलेली, वर साबणाचा फेस.

“बरोबर केलं ना, आत्या?”

“बरोबर केलंस,” मी म्हणाले.

आधी आम्ही बोईसरच्या एका खाजगी रुग्णालयात गेलो, कारण ते जवळ होतं आणि स्वच्छ होतं. काउंटरवरच्या मुलीने तक्रार काय ते विचारलं. भाचीला बोलता येईना. मी पुढे वाकून हळू आवाजात सांगितलं. ती मुलगी आत गेली आणि टाय लावलेला एक माणूस बाहेर आला.

“मॅडम, ही पोलीस केस आहे. आधी पोलीस स्टेशनचं पत्र आणा.”

“आधी तपासा तरी. दुखतंय तिला.”

“पत्राशिवाय हात लावता येत नाही. नियम आहे.”

“कुठे लिहिलाय? दाखवा मला.”

“मॅडम, संडे आहे. सरही नाहीत.”

“सर नाहीत म्हणून नियम दिसत नाही का? कुठल्या भिंतीवर लावलाय तो? तुमचं पद काय? लिहून द्या मला की आम्ही पेशंट घेत नाही, खाली सही करा, शिक्का मारा.”

भाचीने कडेला शेरा लिहिला होता तो इथलाच. मी जास्त बोलले. आणि मोठ्याने बोलले. पहिल्यांदा हळू सांगितलेली गोष्ट वाद घालताना माझ्या आवाजाबरोबर वर गेली. रांगेतली माणसं आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघायला लागली. तिने माझी ओढणी मागून ओढली. “आत्या, चल. लोक बघतायत. चल ना.”

मला नंतर महिलांच्या मदत केंद्रातल्या ताईंनी सांगितलं की असा नियम मुळात नाहीच. नियम उलटा आहे. रुग्णालय सरकारी असो की खाजगी, अशा वेळी लगेच आणि फुकट उपचार करणं त्यांना बंधनकारक आहे. पोलिसांचं पत्र लागत नाही. हे वाचणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहिते. मला त्या दिवशी हे माहीत नव्हतं. आमची चाळीस मिनिटं तिथे गेली.

पालघरला जायला रिक्षा केली. चालकाने आरशातून आमच्याकडे बघितलं. “अर्जंट है क्या?”

“हाँ.”

“तो बीच में किसी को नहीं बिठाता,” असं म्हणून त्याने उमरोळीच्या रस्त्याला रिक्षा घातली आणि मग एक शब्दही बोलला नाही. त्या सकाळी आम्हाला भेटलेला पहिला शहाणा माणूस.

पालघरच्या सरकारी रुग्णालयात रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, अपघात विभाग चालू असतो. तिथल्या सिस्टरला मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी कानाशी. तिने ते परत मोठ्याने विचारलं नाही. भाचीला आतल्या खोलीत नेलं, पडदा ओढला, पाण्याचा ग्लास दिला. “पोलिसांचं नंतर बघू. आधी डॉक्टर येतील.”

डॉक्टर बाई होत्या, तिशीच्या आतबाहेर. खुर्ची ओढून त्या भाचीसमोर बसल्या, टेबलापलीकडे नाही. “तुम्हाला सोबत कोणी हवंय का आत?”

“आत्या असू दे,” भाची म्हणाली. “पण तिला बोलू नका देऊ.”

डॉक्टर हसल्या नाहीत. मला कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. मी बसले.

त्यांनी एक गोष्ट केली ती मी लक्ष देऊन बघितली, कारण मला कागदपत्रांची सवय आहे. त्यांनी एकच सही घेतली नाही. औषध देऊ का, हे वेगळं विचारलं. तपासू का, हे वेगळं. नमुने घेऊ का, वेगळं. पोलिसांना सांगायचं का, सगळ्यात शेवटी आणि वेगळं. प्रत्येक वेळी म्हणाल्या, “नको म्हणालात तरी बाकीचं थांबत नाही.” भाचीने पहिल्या तिन्हींना हो म्हटलं. चौथ्याला म्हणाली, “आज नाय सांगता येत.”

“चालेल. मी तसं लिहिते.”

माझ्या वहीत त्या शब्दाखाली दोन रेघा होत्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग प्रश्न सुरू झाले.

“त्यानंतर आंघोळ केलीत?”

“हो. आज सकाळी.”

“कपडे?”

“भिजत घातले.”

डॉक्टरांचं पेन क्षणभर थांबलं. तेवढ्यावरून मला कळलं.

“मी सांगितलं तिला,” मी स्टुलावरून म्हणाले. “आंघोळ कर म्हणून मीच सांगितलं. कपडेही.”

“मी वाचलं होतं फोनवर,” भाची डॉक्टरांना म्हणाली. “आंघोळ करू नये, कपडे तसेच ठेवावेत असं. म्हणून तशीच बसून होते सकाळपर्यंत. पण आत्या म्हणाली, म्हणून मग केली.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं तिने सांगितलं. पण फोनवर ती का थांबली होती ते मला तेव्हा समजलं. तिला बरोबर माहीत होतं. तिने मला विचारलंही होतं, आणि मी “मग?” म्हणाले होते.

“आंघोळ केली म्हणून सगळं गेलं असं नसतं,” डॉक्टर म्हणाल्या. हे त्या आम्हा दोघींना सांगत होत्या. “जखमा दिसतात. काही नमुने तरीही मिळतात. आणि उपचारांचा त्याच्याशी संबंधच नाही, ते पूर्ण होणार. कपडे कुठे आहेत आता?”

“घरी. मागच्या दारी बादलीत.”

“धुतले नसतील तर आणा. आणताना प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, कागदात गुंडाळा. तक्रार करायची की नाही ते तुम्ही सावकाश ठरवा. कपडे असले तर ठरवायला काहीतरी हातात राहील.”

पावणेअकरा वाजले होते. वहिनी साडेअकराला घरी येते आणि पाय धुवायच्या आधी मागच्या दारची बादली रिकामी करते. भिजलेलं काही दिसलं की ते चोळून, पिळून दोरीवर टाकल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी फोन बाहेर काढला.

“काय सांगणार तिला?” भाचीने विचारलं.

“रंग जातोय, हात लावू नको.”

“ती वेगळे काढून धुवेल.”

“मग शेजारणीला फोन करते, बादली उचलून ठेव म्हणते.”

“शेजारणीला?” भाची म्हणाली. “अख्ख्या गावालाच सांग ना मग.”

खरं होतं. मी आणखी दोन बहाणे सुचवले, त्यातला एक तर मला आठवायलाही लाज वाटते. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत बसल्या होत्या. त्या मध्ये पडल्या नाहीत. भाचीने हात पुढे केला. “फोन दे इकडे. मीच सांगते.”

वहिनी फोनवर नेहमीच ओरडून बोलते, मागे समुद्राचा वारा असतो म्हणून. तिचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

“काय ताई, आज सकाळी सकाळी?”

“आई, मी हाय. तू कुठं हायस?”

“कुठं असणार? बोंबलांवर. कावळे हाकलते. तू आत्याच्या फोनवरून कशी?”

“घरी जा. मागच्या दारी निळी बादली हाय. तिच्यातल्या कपड्यांना हात लावू नको. धू नको, पिळू नको, पाणी ओतू नको.”

“का गं? काय हाय त्यात?”

“माझे कालचे कपडे हायेत. मी पालघरला हाय, सरकारी दवाखान्यात.” आणि मग तिने आईला सांगितलं. मला दोन वाक्यांत सांगितलं होतं, आईला एका.

फोनमधून नुसता वारा येत राहिला. फोन बंद पडला असं मला वाटलं.

“कोण?” वहिनीने विचारलं. आता ती ओरडत नव्हती.

भाचीने नाव सांगितलं.

“खाल्लंस काय सकाळपासून?”

“नाय.”

“येते मी. बादली आणते.”

“बादली नको, आई. कपडे फक्त, कागदात...” तोवर फोन बंद झाला होता.

तपासणीच्या वेळी भाचीने मला बाहेर जायला सांगितलं, म्हणून तिथलं मी फक्त तिने सांगितलेलं लिहू शकते. डॉक्टर प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी कुठे आणि कशासाठी ते सांगत होत्या. थांबा म्हटलं की थांबत होत्या. ती दोनदा थांबा म्हणाली, एकदा तर बराच वेळ. त्या वाट बघत राहिल्या. हे तिने खोडलं नाही.

बाहेर आल्यावर औषधं. दिवस राहू नयेत म्हणून गोळी. इतर रोग होऊ नयेत म्हणून गोळ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन, काविळीच्या लशीचा पहिला डोस. रक्त घेतलं. आणि एचआयव्ही होऊ नये म्हणूनच्या गोळ्या. सिस्टरने त्या नीट समजावून सांगितल्या. बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जेवढ्या लवकर तेवढं बरं, आणि मग अठ्ठावीस दिवस एकही दिवस न चुकवता. मळमळेल, चक्कर येईल, तरी सोडायच्या नाहीत. रक्त पुन्हा दीड महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तपासायचं. पहिली गोळी तिथेच, सिस्टरसमोर. वेळ मी वहीत लिहिली: अकरा पंचावन्न. बहात्तरपैकी अठरा तास गेले होते. बोईसरच्या त्या माणसाचं ऐकून मी पत्र आणायला पळाले असते तर किती गेले असते, हा हिशोब मी करून बघितला आणि पान उलटलं.

वहिनी साडेबाराच्या सुमाराला आली. बाहेरच्या पायऱ्यांवर आधी तिचा आवाज ऐकू आला. कुणाला तरी ती सांगत होती, “धक्का नको लावू, सांडेल.”

मी उठून बघितलं. वहिनी वाळवणीवरून तशीच आली होती. गुडघ्यापर्यंत वर खोचलेली साडी, हाताला मासळीचे खवले आणि मीठ, पायाला वाळू. केससुद्धा विंचरलेले नव्हते. आणि दोन्ही हातांत निळी बादली, पाण्यासकट, वर स्टीलचं ताट झाकण म्हणून ठेवलेलं. पाणी ओतू नको, असं मुलीने सांगितलं होतं. म्हणून तिने ते ओतलं नव्हतं. नवापूरहून पालघरपर्यंत रिक्षात दोन पायांमध्ये ती बादली धरून बसली होती.

बाकावर कुणाची तरी नातेवाईक बाई होती, चांगल्या घरातली दिसत होती. तिने पदर नाकाला लावला. “अहो, जरा तिकडे उभ्या राहा. दवाखाना आहे हा, मासळी बाजार नाही.”

मला सातवीतलं सगळं आठवलं. वहिनीला काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. ती इतकी वर्षं लिंबू घासून दवाखान्यात जाणारी बाई. पण ती जागची हललीसुद्धा नाही. “बोंबलांचा वास हाय, बाय,” ती म्हणाली. “धुतला की जाईल. माझी पोरगी कुठं हाय?”

सिस्टर तिला आत घेऊन गेली. मी बादली उचलली. चांगलीच जड होती.

मायलेकींचं आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आल्या आणि बादलीकडे बघत उभ्या राहिल्या. “कपडे पिशवीतून येतात,” त्या म्हणाल्या, “बादली पहिल्यांदाच आली.” मग हातमोजे घालून त्यांनी एकेक कपडा निथळून कागदावर पसरला. खोलीतला पंखा लावला. वाळल्यावर पाकिटात घालून सील करायचं होतं. सिस्टर रजिस्टर लिहीत होती. ‘कशातून आणले’ या रकान्यात काय लिहू, असं तिने विचारलं. मी म्हणाले, “निळी प्लास्टिकची बादली, एक.” तिने तसंच लिहिलं. तेवढं एक काम त्या दिवशी मला नीट जमलं.

“साबणाच्या पाण्यात चार-पाच तास होते,” मी डॉक्टरांना म्हणाले. “काही मिळेल?”

“ते प्रयोगशाळा सांगेल. मी खोटं आश्वासन देत नाही.” मग म्हणाल्या, “तुम्ही लगेच आणलंत तिला. बरेच जण दहा दिवसांनी येतात.”

त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, हे मला कळत होतं. तरी मी ते ठेवून घेतलं.

परत येताना रिक्षात आम्ही तिघी आणि रिकामी बादली. भाचीने आईच्या बोलण्याची वाट बघितली. उमरोळी आली, गेली. शेवटी तिनेच विचारलं. “कामावर जाऊ नको म्हणशील ना?”

“मी काय म्हटलं काय?”

“म्हणशील.”

“उद्यापासून मीच येते तुझ्याबरोबर.”

“तू येऊन काय करणार?”

“गेटवर बसेन. मासळीची पाटी घेऊन. बघू दे त्याला.”

भाची हसली. हसताना दुखलं म्हणून तिने पोट धरलं. मग तिला रडू आलं आणि वहिनीने तिचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, खवल्यांसकट.

अठ्ठावीस दिवस ती माझ्याकडे बोईसरला राहिली. गोळ्यांनी तिला मासळीच्या वासानेच ओकारी व्हायची आणि नवापूरला त्या दिवसांत वास नसलेली जागा नाही. गावात वहिनीने कावीळ झाल्याचं सांगितलं. काविळीची लस घेतलीच होती, त्यामुळे अगदीच खोटं नाही, असं तिचं म्हणणं.

मी फ्रिजवर तक्ता लावला. अठ्ठावीस चौकोन, वेळ, गोळीचं नाव, शेजारी जेवण काय घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिथे नव्हता.

“काढला मी,” भाची म्हणाली. “दूधवाला आत येतो, कामाच्या मावशी येतात. सगळ्यांनी वाचायचं?”

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. “मग तुझ्या लक्षात कसं राहील?”

“गजर लावलाय फोनवर. आत्या, मी प्रयोगशाळेत काम करते. दर दोन तासांनी नमुने काढते. एक गोळी घेता येते मला.”

तरी मी विचारायचे. सकाळी एकदा, दुपारी फोन करून एकदा, झोपताना एकदा. सहाव्या दिवशी ती म्हणाली, “स्टोअरमध्ये बोल्टांना पण तू असंच विचारतेस काय, आहात का, आहात का?” त्यानंतर मी दिवसातून एकदाच विचारलं. सोपं गेलं नाही.

पोलिसांचा विषय मी पहिल्या आठवड्यात चार वेळा काढला. प्रत्येक वेळी ती “बघू” म्हणाली. पाचव्यांदा काढणार होते तेव्हा मदत केंद्रातल्या ताईंनी मला बाजूला घेतलं. त्या दर बुधवारी तिच्याशी तासभर बोलायच्या. “तुम्ही जेवढं ढकलाल तेवढी ती मागे सरेल,” त्या म्हणाल्या. “तिच्यावर आधीच एकाने जबरदस्ती केली आहे.” माझा राग अनावर झाला. मला त्याच्या शेजारी बसवलं म्हणून. दोन दिवस मी ताईंशी बोलले नाही. मग वही काढली आणि त्या शब्दाखालच्या दोन रेघा खोडल्या. रेघा खोडता येत नाहीत, त्या आणखी जाड होतात. म्हणून पानच फाडलं.

नवव्या दिवशी मी कामावरून आले तर भाची तयार होऊन बसली होती. वहिनीही होती, धुतलेली साडी नेसून.

“आम्ही ताईंबरोबर चाललोय, तक्रार द्यायला,” भाची म्हणाली. “तू येतेस?”

“येऊ?”

“ये. बाहेर बस.”

महिला अधिकाऱ्याने जबाब घेतला. मी आणि वहिनी बाकावर बसलो. वहिनी सगळा वेळ हात हुंगून बघत होती, वास गेला का म्हणून.

त्या माणसाला अटक झाली, जामीन झाला, कारखान्याने त्याला काढलं, खटला चालू आहे. कपड्यांचा अहवाल पुष्कळ उशिराने आला आणि त्यात काही नव्हतं. डॉक्टरांनी नोंदवलेल्या जखमा कागदावर आहेत, त्या टिकतील असं वकील म्हणतात. अहवाल आला त्या दिवशी मी भाचीला म्हणाले की ती चूक माझी. ती म्हणाली, “हो, तुझीच,” आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मला यापेक्षा गोड उत्तर नको होतं.

भाऊ बोटीवरून परत आला तेव्हा त्याला वहिनीने सांगितलं. तो दोन दिवस जाळी शिवत बसला, फाटलेली नव्हती तीही. मग भाचीच्या कारखान्यात जाऊन साहेबाला भेटून आला. काय बोलला ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. भाची दीड महिन्याने कामावर परत गेली. पाटी घेऊन गेटवर कुणी बसलं नाही, पण पहिले आठ दिवस वहिनी तिला सोडायला जायची आणि येताना तिथल्या बायकांना सुकी मासळी विकून यायची.

सहा महिन्यांची तपासणी मे महिन्यात होती. पाऊस यायच्या आधी वाळवणं उरकायची घाई असते, म्हणून वहिनीला येता येईना. मी रजा टाकली. पालघरला पोचलो तेव्हा भाचीने माझ्या हातातली फाइल काढून घेतली.

“तू इथेच थांब.”

समुपदेशकाच्या खोलीचं दार तिने आतून लावलं. मी बाकावर बसले. वही पर्समध्येच ठेवली. पंचवीस मिनिटं झाली. दार उघडलं तेव्हा ती फोनवर बोलत होती आणि माझ्याकडे बघून तिने फक्त हात केला, थांब असा.

“आई, झालं. नाय, काय नाय निघालं. हो, शेवटची होती ही. नाय, आता रक्त नाय द्यायचं... रडतेस कशाला? मी म्हटलं ना, काय नाय निघालं.” मग बराच वेळ ती ऐकत राहिली. “किती बोंबील हायेत? आणि काकी कुठं गेली? बरं. ढग आले काय? बरं बरं, येते मी. आत्याला सांगते.”

फोन ठेवून ती माझ्याकडे आली. “निगेटिव्ह,” ती म्हणाली.

“ऐकलं मी.”

“मी नवापूरला जाते. वाळवण काढायचंय, आई एकटीच हाय. तू बोईसरला उतरशील?”

“मी पण येते की. चार हात होतील.”

तिने माझ्या साडीकडे बघितलं, नवी होती. “परत वास येईल हां तुला. उद्या कामावर जायचंय ना?”

“येऊ दे,” मी म्हणाले, आणि आम्ही रिक्षा शोधायला बाहेर पडलो.